संगणक बिघडल्यानंतर परवानाधारक ‘ऑफिस’ पुन्हा कसे बसवावे?

आर्थिक वर्षाच्या अखेरीस हिशेबाची कामे ऐन भरात असताना कार्यालयातील संगणक बंद पडतो. दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ हार्ड डिस्क बदलतो, विंडोज पुन्हा बसवतो आणि मग विचारतो, ‘ऑफिसची प्रॉडक्ट की कुठे आहे?’ अनेक छोटी कार्यालये, शाळा आणि गृहनिर्माण संस्था यांच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर नसते. परिणामी, रीतसर पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर पुन्हा विकत घ्यावे लागते किंवा तंत्रज्ञ सुचवेल ती बेकायदा प्रत बसवली जाते. वास्तविक हे दोन्ही प्रसंग टाळता येण्यासारखे आहेत. त्यासाठी आपण नेमके काय विकत घेतले आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

विकत घेतला तो परवाना

सॉफ्टवेअरची सीडी किंवा उतरवून घेतलेली फाइल हे केवळ साधन असते. ग्राहक पैसे मोजतो ते वापराच्या परवान्यासाठी. संगणक निकामी झाल्याने संगणकावरील प्रत नष्ट होते, परवाना मात्र आपोआप नष्ट होत नाही. तो आपल्याकडे आहे हे सिद्ध करता आले पाहिजे, एवढीच अट असते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ऑफिस या सॉफ्टवेअरमध्ये हे सिद्ध करण्याची पद्धत कालांतराने बदलत गेली. सन २००१ मध्ये आलेल्या ऑफिस एक्सपीपासून ॲक्टिव्हेशन, म्हणजेच प्रत सक्रिय करून घेण्याची पद्धत व्यापक प्रमाणावर सुरू झाली. पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांत विभागलेली २५ अक्षरांची प्रॉडक्ट की भरल्यानंतर तिचा त्या संगणकाशी संबंध जोडला जाऊ लागला. ऑफिस २०१३ पासून ही की सर्वसाधारण ग्राहकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडली जाते. अशा प्रतीसाठी कागदावरील कीपेक्षा खात्याचा ईमेल पत्ता आणि पासवर्ड अधिक महत्त्वाचा ठरतो. बसवलेल्या प्रतीतून कीची केवळ शेवटची पाच अक्षरे कळू शकतात, हेही लक्षात ठेवावे.

परवान्याचे प्रकार

नव्या संगणकासोबत आधीच बसवून मिळालेले ऑफिस सामान्यतः त्याच संगणकापुरते मर्यादित असते. केवळ हार्ड डिस्क बदलली असेल, तर ते पुन्हा सक्रिय करण्यास सहसा अडचण येत नाही. मात्र मदरबोर्ड बदलल्यास संगणक ‘नवा’ मानला जाण्याची शक्यता असते. अशा वेळी दुरुस्तीची पावती जवळ ठेवून मदत केंद्राशी संपर्क साधणे इष्ट ठरते.

दुकानातून स्वतंत्रपणे घेतलेला परवाना दुसऱ्या संगणकावर नेता येतो. ऑफिस २०१३ बाजारात आले, तेव्हा हा परवाना पहिल्याच संगणकाशी कायमचा बांधलेला होता. ग्राहकांच्या तक्रारींनंतर मार्च २०१३ मध्ये कंपनीने ही अट बदलली. त्यानुसार ९० दिवसांतून एकदा परवाना दुसऱ्या संगणकावर नेण्याची मुभा देण्यात आली आणि यंत्र बिघडल्यास त्या मुदतीपूर्वीही तो नेता येईल, असे स्पष्ट करण्यात आले.

वर्गणी भरून घेतलेल्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये खात्यात प्रवेश करून नव्या संगणकावर सॉफ्टवेअर बसवता येते. बंद पडलेल्या संगणकावरील नोंद खात्यातूनच रद्द करता येते. मोठ्या संस्थांचा सामूहिक परवाना असल्यास संस्थेच्या संगणक विभागाकडूनच प्रत घ्यावी.

पुन्हा बसवण्याचा क्रम

सर्वप्रथम माहिती वाचवावी. हार्ड डिस्क पूर्णतः निकामी झालेली नसेल, तर ती फॉरमॅट करण्यापूर्वी सर्व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे घ्यावी. आउटलुक वापरणाऱ्यांची टपाल-फाइल अनेकदा नेहमीच्या फोल्डरबाहेर असते. तिचा विसर पडल्यास अनेक वर्षांचा पत्रव्यवहार जाऊ शकतो.

त्यानंतर परवान्याचा प्रकार आणि आवृत्ती निश्चित करावी. ‘होम अँड स्टुडंट’ची की ‘होम अँड बिझनेस’च्या प्रतीला चालत नाही. सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा मूळ सीडीवरूनच बसवावे. नव्या संगणकावर चाचणीसाठी दिलेली ऑफिसची प्रत असल्यास ती आधी काढून टाकावी. दोन प्रती एकत्र राहिल्यास सक्रिय करताना गोंधळ होतो. शेवटी सर्व सुरक्षा सुधारणा भरून घ्याव्यात.

आवृत्ती जुनी असल्यास थोडा विचार करावा. ऑफिस २०१० साठीच्या सुरक्षा सुधारणा ऑक्टोबर २०२० मध्ये, ऑफिस २०१३ च्या एप्रिल २०२३ मध्ये, तर ऑफिस २०१६ आणि २०१९ च्या ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबल्या आहेत. इंटरनेटशी जोडलेल्या कार्यालयीन संगणकावर अशी आवृत्ती पुन्हा बसवणे जोखमीचे आहे. खर्च परवडत नसल्यास लिब्रे ऑफिस हा विनामूल्य आणि कायदेशीर पर्याय उपलब्ध आहे.

मराठी मजकुराची विशेष काळजी

ऑफिस व्यवस्थित बसले, तरी जुनी मराठी पत्रे उघडताच निरर्थक रोमन अक्षरे दिसतात, असा अनुभव अनेकांना येतो. फाइल खराब झाली, असा समज करून ती पुसून टाकू नये. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीचा मजकूर विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असे. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसल्याने असे घडते. यासाठी संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी फॉन्टचे फोल्डरही जतन करावे. मराठी टंकलेखनाच्या काही जुन्या सॉफ्टवेअरसोबत डोंगल नावाचे छोटे उपकरण दिले जात असे. तेही परवान्याचाच भाग असल्याने जुन्या संगणकाबरोबर भंगारात देऊ नये. महत्त्वाचा मजकूर सवडीने युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हाच यावरील कायमचा उपाय होय.

कायद्यातील तरतूद

भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ नुसार, संगणक प्रणाली कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास ती हरवणे, नष्ट होणे किंवा खराब होणे यापासून संरक्षण म्हणून तिची राखीव प्रत करता येते. याउलट, बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा कलम ६३ ब अन्वये गुन्हा आहे. त्यासाठी किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. व्यापारी लाभासाठी वापर झाला नसेल, तर न्यायालय कारावास न देता ५० हजार रुपयांपर्यंत दंड करू शकते. शिवाय ‘क्रॅक’ बसवताना अनेकदा विषाणूरोधक यंत्रणा बंद करण्यास सांगितले जाते आणि त्या वाटेने संगणकात घातक सॉफ्टवेअर शिरू शकते.

खरेदीची पावती, प्रॉडक्ट की, ज्या खात्याशी परवाना जोडला आहे त्याचा ईमेल पत्ता आणि आवृत्तीचे नाव एका कागदावर लिहून तो कार्यालयाच्या कपाटात ठेवावा. खाते एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर नसावे, ते कार्यालयाच्या ईमेलवर असावे, अन्यथा त्या कर्मचाऱ्याबरोबर परवान्याचा ताबाही जातो. संगणक सुरळीत चालू असतानाच ही नोंद करून ठेवावी, कारण तो बंद पडल्यानंतर यांतील बरीचशी माहिती मिळवणे कठीण होते.