अठराच्या आत धंदा करता येतो, उधारी नाही

भिलाईच्या मराठी घरांत मूल दहावीला गेलं की बोलणं फिरून फिरून दोनच गोष्टींवर येतं: आयआयटी, नाहीतर बीएसपीतली, म्हणजे भिलाई पोलाद कारखान्यातली, नोकरी. त्यामुळे सोळा वर्षांची मुलगी जेवताना "यंदा दिवाळीत मी चकल्या करून विकणार आहे" म्हणाली की घरातले आधी दचकतात आणि मग जो तो आपली ऐकीव माहिती पुढे करतो. काका म्हणतात, हे बेकायदेशीर आहे. मावशी मोबाइलवर आलेली कोट्यधीश मुलाची गोष्ट दाखवते. दोघांचंही चुकतं, आणि त्यात बिचाऱ्या मुलीचा उत्साह मारला जातो.

आधी काकांचं बघू. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने स्वतःच्या हिमतीवर काही बनवून विकू नये, असा सरसकट कायदा नाही. जे आहे ते करारापुरतं. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, व्यक्ती करार करण्यास पात्र नाही. यावरचा गाजलेला खटला कलकत्त्याचा. धर्मोदास घोष याने अज्ञान असताना एका सावकाराला २०,००० रुपयांचं गहाणखत लिहून दिलं होतं. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९०३ साली निकाल लागला की असा करार मुळातच रद्दबातल आहे. सावकाराचे पैसे बुडाले. तेव्हापासून शहाणा व्यापारी पोरासोरांना उधार माल देत नाही, आणि बँकही त्यांना कर्ज देत नाही. म्हणजे आडकाठी आहे ती धंद्याला नव्हे, उधारीला. माझ्या मते हीच गोष्ट मुलांच्या पथ्यावर पडते. जेवढे पैसे डब्यात, तेवढाच माल, अशी शिस्त मोठ्यांनाही सहसा जमत नाही.

काही कामांना मात्र खरोखर मनाई आहे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला घरच्या उद्योगात, शाळेनंतर किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचं नसेल तरच हातभार लावता येतो. चौदा ते अठरा या वयात धोकादायक कामं वर्ज्य. भिलाईत याला विशेष अर्थ आहे. नंदिनी रोड आणि हथखोजच्या पट्ट्यात कुणाच्या ना कुणाच्या मामाचं वर्कशॉप असतंच. तिथे भट्टीपाशी, ओतकामात पोराला 'शिकायला' उभं करणं हा धंद्याचा धडा नव्हे. दिवाळीतला फटाक्यांचा स्टॉलसुद्धा मुलांवर सोपवायचा नसतो.

आता मावशीच्या गोष्टीकडे. ती बहुतेक वेळा मुंबईच्या तिलक मेहताची असते. त्याने २०१८ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, 'पेपर्स एन पार्सल्स' ही शहरातल्या शहरात पार्सल पोचवणारी सेवा सुरू केली आणि त्यासाठी डबेवाल्यांना सोबत घेतलं. कल्पना त्याची, आणि झकास. पण वडील मालवाहतुकीच्या व्यवसायातले, पाठबळ घरचं, आणि कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदी बँकेतला अनुभवी माणूस होता. जो १०० कोटींचा आकडा कमाई म्हणून फिरतो, तो तेव्हा २०२० पर्यंत गाठायचं उद्दिष्ट म्हणून जाहीर झाला होता. यात तिलकला कमीपणा काहीच नाही. मोठ्यांचा हात पाठीशी असणं हाच त्या गोष्टीतला खरा भाग आहे, आणि फॉरवर्ड होताना नेमका तोच गळतो.

"विक्री झाली म्हणजे कमाई झाली" हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. त्या मुलीचा हिशेब मांडून बघू. समजा, एक किलो चकलीला भाजणीचं सामान १६० रुपये, तेल ९०, गॅस २०, पिशव्या आणि लेबलं २०, पोचवायचा खर्च १०. झाले ३००. विकायची ४०० ला, म्हणजे किलोमागे शंभर सुटले, असं तिला वाटतं. पाच किलो केल्या, म्हणजे पाचशे. आता एक किलो खपलीच नाही आणि शेवटी नातेवाइकांत वाटली गेली. खर्च १५००, विक्री १६००, उरले शंभर. त्यातही सेक्टरमधल्या एका ओळखीच्या काकूंनी किलोभर नेली आणि "पगार झाला की देते गं" म्हणाल्या. हातात आले १२००. वहीत शंभराचा नफा आहे, डबा मात्र तीनशेने रिकामा. शिवाय आईने चार संध्याकाळी सोऱ्या दाबला त्याची मजुरी अजून कुठेच धरलेली नाही. ती धरली की भाव ४०० पुरतो का, हा प्रश्न मुलीला आपोआप पडतो. कॉमर्सच्या पुस्तकातला 'खेळतं भांडवल' हा धडा इतका लख्ख दुसरीकडे कुठे समजणार?

याच हिशेबामुळे पैसे आईच्या क्यूआर कोडवर घेणं मला खटकतं. किराणा, गॅस सिलिंडर आणि चकल्यांचे पैसे एकाच खात्यात मिसळले की आठवड्याभरात काहीच कळेनासं होतं. मुलांना स्वतंत्र खातं मिळत नाही, ही समजूत जुनी झाली. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः बचत खातं उघडू द्यायला रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच मुभा दिली आणि २०२५ मध्ये हे नियम नव्याने काढले. बँक आपल्या मर्यादा घालते, आणि खात्यात शिल्लक असेल तेवढेच काढता येतात.

"एवढ्याशा धंद्याला परवाना कशाला?" खाण्याचा पदार्थ असेल तर परवाना नाही तरी नोंदणी लागतेच. घरून विकणाऱ्या छोट्या माणसालाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) नोंदणी करावी लागते. ती आई किंवा बाबांच्या नावाने करावी. टाउनशिपमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. क्वार्टर कारखान्याचं आहे, तेव्हा दारावर पाटी लावण्याआधी वाटपाच्या अटी वाचलेल्या बऱ्या.

कराबद्दल थोडक्यात: मुलाने स्वतःच्या मेहनतीने किंवा कौशल्याने मिळवलेलं उत्पन्न त्याचंच धरलं जातं. त्याच्या नावावरच्या ठेवीचं व्याज मात्र सहसा आईवडिलांपैकी ज्यांचं उत्पन्न जास्त त्यांच्या उत्पन्नात मिळवतात. माल आणून नुसता विकला तर तो नफा कुठे बसतो, हे सीएला विचारून घ्यावं.

घरची भागीदारी फर्म असेल तर एक बाब फार कमी लोकांना ठाऊक असते. सगळ्या भागीदारांच्या संमतीने अज्ञान मुलाला फर्मच्या लाभात सामील करून घेता येतं, आणि तो अज्ञान असेपर्यंत फर्मच्या कर्जाची वैयक्तिक जबाबदारी त्याच्यावर येत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर, किंवा आपण सामील आहोत हे कळल्यावर, यांतलं जे नंतर घडेल तिथपासून सहा महिन्यांत, भागीदार व्हायचं की नाही याची जाहीर नोटीस त्याने द्यायची असते. गप्प बसला तर तो भागीदार ठरतो, आणि लाभात आल्या दिवसापासूनच्या देण्यांना जबाबदार. पुण्या-बंगळुरूला शिकायला गेलेल्या मुलाला हे फोन करून सांगायला हवं.

पीएमईजीपीसारख्या (प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम) सरकारी कर्जयोजनेचं दारही अठरानंतरच उघडतं. तेव्हा लागणारी छोट्या उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नये. बँकेत कर्जाचा अर्ज घेऊन जाताना दोन दिवाळ्यांची वही आणि स्वतःच्या नावाचं पासबुक सोबत न्यावं. काकूंची उधारी कधी वसूल झाली ती तारीखसुद्धा त्या वहीत असू द्यावी.