थेंबाची वाट (९) : साबणानं ओलांडलेली वेस

मोबाइलच्या कॅमेऱ्यानं कागदी चाचणीचा रंग कसा वाचायचा, हे आज सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतोय. त्याला कारण सांगलीच्या एका वाचक बाई. निवृत्त शिक्षिका आहेत. गेल्या लेखातला हळदीचा प्रयोग त्यांनी नातवाला हाताशी घेऊन केला. फिल्टर पेपर हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवला, मेणबत्तीनं त्यावर रुपयाएवढे दोन गोल गिरवले, जुन्या कापडात धरून इस्त्री फिरवली. एका गोलात चुन्याच्या निवळीचे दोन थेंब, दुसऱ्यात कपडे धुवायच्या पावडरीच्या पाण्याचे. दोन्ही कुंकवासारखे लाल झाले. नातू खूश. पण चहा करून परत येईपर्यंत निवळीचा लाल गोल होता तिथेच होता आणि पावडरीचा मात्र मेणाची रेघ पार करून बाहेर पसरला होता. बाईंनी लिहिलंय, ‘मेण तेच, इस्त्री तीच, मग एकालाच वेस ओलांडायची परवानगी कुणी दिली?’

बाई, तुमचं काही चुकलेलं नाही. याच प्रश्नापायी आमच्या प्रयोगशाळेचे दोन आठवडे वाया गेले होते. ते पुढे सांगतो.

कागद पाणी ओढून घेतो; का, ते मागच्या लेखांत झालंच. मेण याच्या उलट वागतं. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण त्या पानावरही मेणाचाच थर असतो आणि वर सूक्ष्म खडबडीतपणा. मेणबत्तीच्या मेणावर थेंब इतका टुमदार बसत नाही, पण त्याची कड मेणाशी काटकोनाहून मोठा कोन करते आणि आपल्या कामाला, म्हणजे कागदी चाचणीतला थेंब आखलेल्या वाटेत ठेवायला, तेवढं पुरतं. कोन काटकोनाच्या वर असेल तोवर पाणी फटीत आपणहून शिरत नाही. कोन खाली उतरला की फटच त्याला आत ओढून घेते. साबण नेमकं हेच करतो. नुसत्या पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटनच्या आसपास, साबणाच्या पाण्याचा साधारण तीस. ताण सैलावला की थेंब मेणावरही हातपाय पसरतो.

आणि मेणाच्या रेघेला आपण भिंत म्हणतो खरं, पण इस्त्रीनं वितळलेलं मेण कागदातल्या सगळ्या फटी बुजवत नाही. पुष्कळशा फटी उघड्याच राहतात, फक्त आतून मेण माखलेल्या. म्हणजे दार सताड उघडं आणि दारात एक कडक रखवालदार. निवळीला तो अडवतो. साबण त्याला पटवतो.

आता विषय निघालाच आहे तर मेणाबद्दल थोडं बोलू द्या, फार दिवस मनात होतं. माझी आजी कोकणातून पार्सल पाठवायची तेव्हा शाईनं लिहिलेल्या पत्त्यावर मेणबत्ती घासायची, पावसात अक्षरं फुटू नयेत म्हणून. कागदातल्या पाण्याला मेणानं आवर घालायचा हे शहाणपण असं घरोघरी होतं. प्रयोगशाळेतही ते नवं नाही. १९४९ साली म्युलर आणि क्लेग या दोघांनी फिल्टर पेपरवर पॅराफिनचे बांध घालून द्रव अरुंद वाटेनं नेला होता आणि त्यामुळे नमुना कमी लागतो हेही दाखवलं होतं. मग ही युक्ती जवळजवळ साठ वर्षं पडून राहिली.

२००७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटानं कागदी चाचणी पुन्हा उभी केली, पण मेणानं नव्हे. मूत्राचे अवघे पाच मायक्रोलीटर घेऊन एका टोकाला ग्लुकोज आणि दुसऱ्या टोकाला प्रथिनं दाखवणारा कागद त्यांनी बनवला. त्याच्या भिंती बनल्या होत्या चिप उद्योगातल्या प्रकाशसंवेदी रसायनाच्या. अख्खा कागद त्यात भिजवायचा, मुखवट्यातून अतिनील प्रकाश पाडायचा, नको तिथलं धुऊन काढायचं. कागद स्वस्त, भिंत महाग. मला ते चटईच्या झोपडीला संगमरवरी उंबरा बसवल्यासारखं वाटायचं.

दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, मेण परतलं. हार्वर्डमध्ये आणि चीनमधल्या दालियानमध्येही. दालियानच्या मंडळींनी तर मेणाच्या पेनानं हातानं रेघा ओढूनही पाहिल्या. हार्वर्डनं उचलला कचेरीतला प्रिंटर : झेरॉक्सचा, घन शाईचा. यात शाईची बाटली नसते, तर साबणाच्या वडीसारख्या रंगीत मेणाच्या वड्या असतात. यंत्र त्या वितळवून कागदावर फवारतं. छापलेला कागद दीडशे अंशांच्या तव्यावर दोन मिनिटं ठेवला की मेण कागदाच्या आरपार उतरतं. सगळं मिळून पाचेक मिनिटांचं काम. एका पानावर ढीगभर चाचण्या.

एक अडचण होती. मेण खाली उतरतं तसं आडवंही पसरतं. ०.३ मिलिमीटरची छापील रेघ तापल्यावर साधारण ०.८५ मिलिमीटर होते. म्हणून संगणकावर वाट आखताना ती हवी त्याहून रुंद ठेवावी लागते. दोन्ही बाजूंचं मेण तिला चेपणारच हे धरून. आणि मेण आरपार गेलंय की नाही हे ओळखायचं कसं? बटाटेवड्याखालचा पेपर पाहा. तेल मुरलं तिथं तो अर्धपारदर्शक होतो, कारण तंतूंमधल्या हवेची जागा तेल घेतं. मेणाचंही तसंच. कागद खिडकीपाशी उजेडात धरायचा. रेघ कुठे पांढुरकी दिसली तर तिथं गळती होणार. महागड्या सूक्ष्मदर्शकाआधी मी आजही खिडकीच वापरतो.

तर ते वाया गेलेले दोन आठवडे. आमच्याकडे एका छोट्या दवाखान्यातून मूत्राचे नमुने यायचे. एके दिवशी त्यांच्या कागदी चाचण्या मेणाच्या रेघेबाहेर गळायला लागल्या. सगळ्या नव्हे, दहातल्या तीन-चार. आम्ही तव्याचं तापमान तपासलं, कागदाचा गठ्ठा बदलला, प्रिंटरला तर यथेच्छ शिव्या घातल्या. शेवटी आमच्या मदतनीस मावशी गळका नमुना हलवून म्हणाल्या, ‘साहेब, याला फेस किती येतोय बघा.’ दवाखान्यात बाटल्या पावडरीनं धुऊन पुन्हा वापरत होते आणि खळबळणं अर्धवट. सांगलीच्या बाईंचा प्रयोग आमच्यावर नकळत झाला होता.

बाटली धुता येते. पण कित्येक चाचण्यांत साबणासारखा पदार्थ मुद्दाम घालावा लागतो. जंतूच्या आतले रेणू बाहेर काढायचे तर त्याचं आवरण फोडावं लागतं आणि ते काम असेच पदार्थ करतात. तिथं मेणाची वेस टिकत नाही. मग सिलिकॉनच्या जातीतली रसायनं वापरून भिंत घालतात, किंवा वाट सरळ कापून काढतात : भोवती कागदच नाही, तर पाझरणार कुठे? मला विचाराल तर कापलेली पट्टी दिसायला गावठी, पण फेसाळ द्रवासाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही.

रखवालदार आणखी एका बाजूनं निघून गेला. झेरॉक्सनं घन शाईचे ते प्रिंटर बनवणंच बंद केलं. कचेऱ्यांमध्ये खप उरला नव्हता. कागदी चाचण्या करणाऱ्या जगभरातल्या प्रयोगशाळा त्यांच्या हिशेबात कुठे येणार? जुनी यंत्रं आणि उरलेल्या मेणाच्या वड्या जपून वापरत दिवस काढायची वेळ आली. आमचा प्रिंटर गेल्या दिवाळीत कायमचा बसला. तेव्हापासून रबरी शिक्का वितळलेल्या मेणात बुडवून कागदावर उठवतोय. दहातले सात बरे उठतात.

म्हणून एक विनंती. तुमच्या ओळखीच्या एखाद्या छपाईवाल्याकडे किंवा कचेरीच्या माळ्यावर मेणाच्या वड्यांचा जुना रंगीत प्रिंटर धूळ खात पडला असेल, तर भंगारात घालण्याआधी मला संपादकांच्या पत्त्यावर दोन ओळी टाका. बिघडलेला असला तरी चालेल, सुटे भाग हवे आहेत. मोबाइलच्या कॅमेऱ्याचं पुढच्या आठवड्यात.