पाणचक्कीचे कारंजे

छत्रपती संभाजीनगरास आलेला पाहुणा बीबी का मकबरा पाहून झाला की खाम नदीच्या काठी पाणचक्कीत येतो, हौदातील कारंज्यापुढे छबी काढून घेतो आणि पाव तासात परततो. त्याला दोष देता येत नाही. कारंजे डोळ्यांसमोर असते. ज्याच्या जोरावर ते उडावयाचे ते भुईखाली असते. मी शाळेतील मुलांना अनेक वर्षे येथे आणीत असे, आणि दर खेपेस कोणी ना कोणी विचारीच, “गुरुजी, याचा पंप कोठे आहे?” या एका प्रश्नासाठीच मी ती सहल काढीत असे म्हणा ना!

बांधणाऱ्यांनी येथे पंप ठेवलाच नव्हता. शहराबाहेरच्या उंच भागातील झऱ्याचे पाणी सुमारे आठ किलोमीटर खापरी नळांतून, केवळ उताराने आणलेले. बंद नळातील पाणी आपल्या उगमाची पातळी गाठू पाहते, हा पाठ्यपुस्तकातील सिद्धांत आपण सर्वांनी घोकला आहे. येथे तो भिंतीवर चढलेला दिसतो. चक्कीजवळच्या उंच भिंतीवर पाणी आपोआप वर येते व तेथून खाली कोसळते. त्या माऱ्याने पात्यांचे आडवे चक्र फिरते आणि त्याबरोबर वरचे जाते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी व फौजेसाठी यावर धान्य दळले जाई. निजामुल्मुल्क आसफजाहाच्या पदरचा सरदार तुर्कताजखान याने ही चक्की बांधविली. समोरचा लांबट हौद व कारंजी मागाहून जमील बेगखानाने करविली. म्हणजे कारंजे हे मूळचे काम नव्हेच. दळण झाल्यावर उरलेल्या पाण्याची ती हौस. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत होय. वैशाखात त्या दालनात क्षणभर बसावे, म्हणजे हौसेतही किती हिशेब होता ते अंगाला कळते.

ही विद्या या नगरीत आणली मलिक अंबराने. 1610 साली त्याने खडकी वसविली व लवकरच तिला नहर दिली, तीच नहर-ए-अंबरी. पाणचक्कीची नहर निराळी व नंतरची. पण रीत तीच. लांब नळात हवा कोंडते, गाळ साचतो, कोठे दाब वाढून नळ फुटण्याचे भय असते. म्हणून अशा नहरींच्या वाटेवर जागोजाग दगडचुन्याचे बंबे उभारीत. त्यांत पाणी वर चढे, हवा सुटे, गाळ तळाशी बसे आणि पाणी पुढे जाई. जुन्या वस्तीत असले खांब अजून दिसतात. त्यांवर जाहिराती चिकटविलेल्या पाहून मला फार वाईट वाटते.

हल्ली शहराचे पाणी जायकवाडीहून येते. ते धरण शहरापेक्षा खालच्या पातळीवर असल्यामुळे थेंब न् थेंब विजेने वर चढवावा लागतो, आणि नळाची वाट आपण दिवस मोजून पाहतो. जुन्या नहरींनी आजच्या लाखो लोकांची तहान भागेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. हिशेबात ते बसत नाही. परंतु जी व्यवस्था वीज न जाळता काही काम करू शकते, ती पायाच्या खोदाईत एक खापरी नळ फुटल्याने बंद पडावी, हेही हिशेबात बसत नाही. नळ फुटतो एकीकडे, आणि कारंजे खचते दुसरीकडे. त्यामुळे अपराध कोणाच्या ध्यानातही येत नाही.

तेव्हा पाणचक्कीस जाल तर उलट्या क्रमाने पाहा. आधी भिंतीशी उभे राहून धार पाहा, मग चक्की, मग खालचे दालन, आणि सर्वांत शेवटी कारंजे. मुले बरोबर असतील तर पंपाचे उत्तर लगेच सांगू नका. भिंतीकडे बोट दाखवून थोडा वेळ गप्प राहा. आणि कारंजे त्या दिवशी बंद असेल, तर पाणी वाटेत कोठे अडले, एवढे तेथल्या माणसांना अवश्य विचारा.