परदेशी वैमानिक परवाना : रूपांतराचा विचार आधी

बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेतलेले अनेक विद्यार्थी वैमानिक होण्यासाठी अमेरिका, कॅनडा किंवा दक्षिण आफ्रिकेची वाट धरतात. परंतु तेथे मिळालेल्या परवान्यावर भारतीय नोंदणीचे विमान व्यावसायिकरीत्या चालविता येत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून त्याचे भारतीय परवान्यात रूपांतर करून घ्यावे लागते. म्हणून शाळा निवडतानाच या अखेरच्या टप्प्याचा विचार होणे इष्ट.

रूपांतराचा पाया म्हणजे उड्डाणांची नोंदवही, अर्थात लॉगबुक. भारतीय व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० उड्डाणतास लागतात. त्यांपैकी १०० तास विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून केलेले असावेत. रात्रीच्या व उपकरणांच्या आधारे केलेल्या उड्डाणांचे तास स्वतंत्रपणे मोजले जातात. अमेरिकेत मात्र काही मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत १९० तासांवरही परवाना मिळू शकतो. असा विद्यार्थी परवाना हाती असूनही भारतीय निकषास उणा पडतो.

नोंदवहीतील प्रत्येक तास खरा असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. जयपूरच्या राजस्थान स्टेट फ्लाइंग स्कूलमध्ये न झालेल्या उड्डाणांचे तास दाखविले गेल्याच्या आरोपावरून २०११ मध्ये राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने कारवाई केली. त्या वर्षी वैमानिकांच्या परवान्यांची व उड्डाणशाळांची देशभर तपासणी हाती घेण्यात आली. बँकेच्या खातेवहीत व्हाउचरवाचून नोंद ग्राह्य धरली जात नाही. आकाशातील तासांनाही तोच न्याय लागू आहे. शाळा देशी असो वा परदेशी, नोंदींची शिस्त प्रवेशापूर्वी पारखून घ्यावी.

भारतात परतल्यावर परवाना देणाऱ्या देशाकडून त्याची पडताळणी होते. हवाई नियम, तसेच मार्गनिर्धारण व हवामानशास्त्र या विषयांची लेखी परीक्षा ७० टक्के गुणांनी उत्तीर्ण व्हावी लागते. रेडिओ-संभाषणाचे प्रमाणपत्र व पहिल्या श्रेणीची वैद्यकीय पात्रताही आवश्यक असते. अलीकडच्या उड्डाणांचा अनुभवही पाहिला जातो. परीक्षांत वेळ गेल्यास नव्याने उड्डाणे करून त्यांचा खर्च सोसावा लागतो. वैद्यकीय तपासणी मात्र शुल्क भरण्याआधीच करून घ्यावी. अपात्रता नंतर कळल्यास सारा खर्च वाया जातो.

येथेच कर्जाचे गणित निर्णायक ठरते. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत वैमानिक प्रशिक्षणाचा समावेश आहे. साडेसात लाख रुपयांहून अधिक कर्जास तारण द्यावे लागते, आणि ते बहुधा कुटुंबाचे राहते घरच असते. योजनेनुसार अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने हप्ते सुरू होतात. व्याजाची आकारणी त्याआधीही चालूच असते. रूपांतर लांबले, तर तेच वर्ष परीक्षांत सरते. शिवाय विमान कंपनीत रुजू होण्यासाठी विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण लागते व त्याचा खर्च वेगळा असतो.

यास्तव पालकांनी शाळेच्या शुल्कासोबत राहणीमान, रूपांतर, नव्याने करावयाची उड्डाणे व विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण या सर्वांचा एकत्रित अंदाज करून मगच कर्जाचा अर्ज भरावा. तारण ठेवलेले घर सुरक्षित राहण्याचा तोच खात्रीचा मार्ग होय.