'गांधी'च्या पडद्यामागची मराठी माणसं

पिस्कॅटवेला लागून एडिसन. ज्या थॉमस एडिसनचं नाव त्या गावाला मिळालं, त्यानं आमच्याच न्यू जर्सीत, वेस्ट ऑरेंजला, १८९३ साली 'ब्लॅक मारिया' नावाचा चित्रपट स्टुडिओ बांधला. काळ्या डांबरी कागदानं मढवलेली एक खोली. छप्पर उघडायचं आणि ऊन सरकलं की अख्खी खोली रुळावर फिरवायची! त्याच वर्षी जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर एका तरुण वकिलाला गाडीतून खाली उतरवलं. पुढे नव्वदेक वर्षांनी त्या वकिलावरच्या भव्य चित्रपटानं आठ ऑस्कर पटकावले.

रिचर्ड ॲटनबरोंचा 'गांधी' (१९८२). पैसा ब्रिटिश आणि भारतीय, वितरण हॉलिवूडच्या कोलंबिया पिक्चर्सचं. गेल्या गांधी जयंतीला आम्ही तो घरच्या तळघरात मुलांना दाखवला. तीन तासांहून मोठा चित्रपट, पण एकही पोर उठलं नाही.

सगळ्यांचे डोळे विस्फारले ते अंत्ययात्रेच्या दृश्याला. ही गर्दी संगणकावर केलेली नाही, म्हटलं. खरी माणसं आहेत, तीन लाखांच्या वर! चित्रीकरणाचा दिवस ३१ जानेवारी १९८१, म्हणजे खऱ्या अंत्ययात्रेला बरोबर तेहेतीस वर्षं झाली तो दिवस. अकरा पथकं कॅमेरे लावून बसली होती. एवढ्या खटाटोपातून चित्रपटात उरले जेमतेम सव्वाशे सेकंद. गिनेस बुकात मात्र नोंद झाली.

माझा जीव खरा अडकतो तो कपड्यांत. बॅरिस्टरच्या कोट-टायपासून पंच्यापर्यंतचा प्रवास कपड्यांतून दाखवायचा, शिवाय शेकडो माणसांना त्या त्या काळाचं आणि प्रांताचं नेसवायचं. ही भारतीय बाजू सांभाळली कोल्हापूरच्या भानू अथैयांनी. माहेरच्या राजोपाध्ये, चित्रकाराची लेक, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. त्यांची निवड करायला ॲटनबरोंना म्हणे पंधरा मिनिटं पुरली. ११ एप्रिल १९८३ला लॉस एंजेलिसमध्ये जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं आणि ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती म्हणजे आपली ही कोल्हापूरची बाई! रवींद्रनाथांचं नोबेल पदक शांतिनिकेतनातून २००४ साली चोरीला गेलं, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून होती. आपल्यामागे ऑस्करच्या बाहुलीचं काय होईल, या काळजीनं २०१२मध्ये त्यांनी ती अकादमीकडेच सांभाळायला परत दिली. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

कस्तुरबा साकारल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडींनी. आफ्रिकेतल्या तरुण बायकोपासून थकलेल्या 'बा'पर्यंतचं सगळं वय त्यांनी पेललं. त्यासाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार त्यांना 'रेड्स'मधल्या मॉरीन स्टेपलटन यांच्यासोबत विभागून मिळाला. कस्तुरबांनी २२ फेब्रुवारी १९४४ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच, प्राण सोडला. चित्रपटातल्या त्या कैदेचं चित्रीकरणही त्याच वास्तूत झालं. बांची समाधी तिथेच आवारात आहे. सुट्टीत पुण्याला जाणाऱ्यांनी नगर रस्त्यावरून जाताना तिथे नक्की थांबावं.

आणि गोखले? नामदार गोपाळ कृष्ण गोखले झाले डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाची डॉक्टरकी सोडून नाटकात आलेला हा माणूस, थोड्याच वेळासाठी पडद्यावर येतो, पण गांधींना आधी देश बघायला धाडणारा वडीलधारा म्हणून तोच शोभतो.

गांधी झालेले बेन किंग्जली मूळचे कृष्णा भानजी, वडील गुजराती वंशाचे. हे ऐकून मुलं चकित झाली. भानू, रोहिणी, लागू ही नावं मात्र त्यांना नवीच होती. चूक आमची, आम्हीच कधी सांगितली नव्हती.

तेव्हा पिस्कॅटवे-एडिसनच्या आईबाबांनो, पुढच्या वेळी 'गांधी' लावाल तेव्हा शेवटची नावं सरकू लागली की रिमोट बाजूला ठेवा. ही तीन नावं शोधायला मुलांना सांगा आणि त्यांच्याकडून ती मोठ्यानं वाचून घ्या.