आडनांवामागचें गांव

आपल्याकडे एके काळीं पांढऱ्या साखरेला मोरस साखर म्हणत. तें नांव मॉरिशस बेटावरून पडलें. त्या बेटावरच्या उंसाच्या मळ्यांत राबणाऱ्यांत मराठी माणसेंही होतीं. त्यांच्या वंशजांपैकीं एखाद्याला आज आपलें मूळ गांव शोधावयाचें असेल, तर त्यानें प्रथम आपल्या आडनांवावरचा भरंवसा सोडावा. तें पुष्कळदां खापरपणजोबाचें नुसतें नांव असतें.

कोण्या गोऱ्या साहेबानें आडनांव बदललें, अशी समजूत असते. वस्तुतः बदलण्यासारखें आडनांव कागदावर चढलेंच नव्हतें. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें ४,५०,००० हिंदी मजूर करारानें तेथें गेले. बहुतेक कलकत्ता व मद्रास येथून. मुंबई बंदरांतून गेलेले त्या मानानें थोडे, पण रत्नागिरी, सातारा इकडचे लोक त्यांतच सांपडतात. पोर्ट लुई येथें उतरलेल्या प्रत्येकास एक क्रमांक मिळे. वहींत त्याचें नांव, बापाचें नांव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गांव, परगणा आणि जिल्हा यांची नोंद होई. आडनांव विचारण्याचें कारकुनाला बहुधा कारणच पडत नसे.

अडचण आली ती पुढच्या पिढीला. समजा, धोंडू नांवाच्या मजुराला राघू हा मुलगा झाला. तेथील जन्मनोंदणी फ्रेंच वळणाची; तिला कुलनाम हवें. बापाचें एकुलतें नांव तेथें बसलें आणि मुलगा ‘राघू धोंडू’ झाला. राघूच्या मुलानें ‘राघू’ हेंच आडनांव लाविलें, तर दोन पिढ्यांत धोंडूचाही मागमूस नाहींसा होई. त्यांत लेखनाची भर निराळीच. एकाच लक्ष्मणाचीं लचमन, लछमन, लक्सिमन अशीं रूपें झालेलीं आढळतात. मग चुलत घराणींसुद्धां परस्परांस परकीं वाटतात.

म्हणून नांवामागें न धांवतां क्रमांकामागें जावें. आपल्या जन्माच्या दाखल्यापासून आरंभ करून विवाह व मृत्यू यांचे दाखले पिढीपिढीनें मागें नेले, म्हणजे जुन्या दाखल्यांत मूळ मजुराचा क्रमांक पुष्कळदां मिळतो. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जुन्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. १८६० नंतरच्या दशकांतील कित्येकांचीं छायाचित्रेंही आहेत. हा शोध केवळ हौसेचा नव्हे. मॉरिशसमधील सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशजांना परदेशस्थ नागरिकत्वाचें कार्ड देण्याची तरतूद २०२४ मध्यें जाहीर झाली. त्याकरितां पूर्वजाचा पुरावा लागतो.

गांवाचें नांव मिळालें तरी तें वाचणें सोपें नाहीं. रोमन लिपींत ड आणि द, ळ आणि ल यांचा भेद राहत नाहीं. नांदगांव, वडगांव तर महाराष्ट्रांत किती! तेथें परगणाच उपयोगीं पडतो. जुन्या नोंदींतील ‘रत्नागिरी’ म्हणजे आजचाच जिल्हा नव्हे, हेंही ध्यानीं ठेवावें. सिंधुदुर्ग त्यांतून १९८१ मध्यें वेगळा झाला. जातीचा रकाना मात्र जपून वाचावा. मुंबईकडच्या मनुष्यापुढें ‘मराठा’ असें सरसकट लिहिलेलें असूं शकतें.

गांव निश्चित झाल्यावर उरते ती भावकी. आजोळचें कुलदैवत, घरांतील देवाची मांडणी, एखाद्या सणाची निराळी रीत, यांपैकीं जें बेटावर टिकलें असेल, तें त्या गांवच्या कोणत्या वाडींतल्या कोणत्या घराशीं जुळतें, हें तेथील म्हाताऱ्यांनाच विचारावें लागतें.