दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर अधिक, वेळ कमी

भिंतीवरील जगाच्या नकाशावर दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को ही शहरे पट्टीने जोडली, तर रेषा इराण, इजिप्त व अटलांटिक महासागर ओलांडून जाते. ही रेषा फसवी होय. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना अंतरे ताणली जातात. शाळेतील पृथ्वीगोलावर याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरावा. तो तिबेट व सायबेरियावरून उत्तरेस चढून अलास्कामार्गे खाली उतरतो. गोलाचा विषुववृत्तावरील घेर १ मीटर असेल, तर दोरा सुमारे ३१ सेंटिमीटर भरेल. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर असल्याने १ सेंटिमीटर म्हणजे ४०० किलोमीटर. अर्थात अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. विद्यार्थ्यांकडून हे मोजमाप अवश्य करून घ्यावे.

तथापि विमान या दोऱ्यावरून जातेच असे नाही. विमानातील हवेचा दाब अकस्मात घटल्यास वैमानिकास सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत त्वरित उतरावे लागते. तिबेटचे पठार तर ४,५०० मीटरांहून उंच आहे. म्हणून विमाने सामान्यतः तो प्रदेश टाळून वळसा घेतात.

वेळेचा हिशेब याहून निराळा आहे. सुमारे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतात. नदीच्या धारेबरोबर जाणारी होडी आणि धारेविरुद्ध जाणारी होडी यांत जो भेद, तोच येथे आहे. एअर इंडियाचे या मार्गावरील विमान प्रारंभी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. अटलांटिकचा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा, तर प्रशांतचा सुमारे १५,३०० किलोमीटरांचा. तरीही १,४०० किलोमीटर अधिक कापून विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी पोहोचले. भागाकार केल्यास सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरांहून अधिक येतो. एवढा वेग केवळ यंत्राचा नव्हे; त्यात वाऱ्याचा वाटा मोठा आहे.

घड्याळाचा घोटाळा मात्र घरच्या मंडळींना अधिक भोवतो. सॅन फ्रान्सिस्कोची वेळ भारतीय वेळेच्या मागे असते. हिवाळ्यात साडेतेरा तास व उन्हाळ्यात, तेथील घड्याळे एक तास पुढे केली जात असल्याने, साडेबारा तास. ऑक्टोबरातील रविवारी पहाटे ४ वाजता दिल्लीहून पूर्वेकडे निघालेला प्रवासी साडेचौदा तासांनी उतरतो, तेव्हा भारतात सायंकाळचे साडेसहा, तर तेथे त्याच रविवारचे सकाळचे ६ वाजलेले असतात. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना त्याचा रविवार काही काळ पुन्हा शनिवार झालेला असतो!

परतीच्या प्रवासात याच्या उलट घडते. हिवाळ्यात शनिवारी रात्री ९ वाजता तेथून निघणाऱ्या मुलाने घरी ‘शनिवारी निघतो, सोळा तास लागतात’ एवढेच कळविले, तर बेळगावचे वा म्हापशाचे आईवडील रविवारी दुपारीच त्याची वाट पाहू लागतात. वास्तविक निघण्याच्या क्षणी भारतात रविवारचे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. त्यात सोळा तास मिळविता मुलगा दिल्लीस उतरतो सोमवारी पहाटे अडीच वाजता. आणि पुढचे विमान वा आगगाडी त्यानंतरच.